धूळ मागून येते

अजिंठ्याचा रस्ता उखडून ठेवला होता त्या वर्षांत ज्यांचं फुलंब्री-सिल्लोडकडे जाणं-येणं होतं, त्यांना धुळीबद्दल नव्याने काही सांगायला नको. २०१८ च्या आगेमागे जुना रस्ता खणला गेला आणि नवा काही लवकर झाला नाही. संभाजीनगरहून निघून हर्सूल मागे पडलं की मुरूम, खडीचा भुगा आणि वाळलेली काळी माती हवेत तरंगायला लागायची आणि थेट फर्दापूरपर्यंत सोबत करायची. लेणी बघून परतणारे परदेशी पाहुणे नाकातोंडाला रुमाल बांधून बसलेले दिसायचे, आणि ओशाळायला आपल्याला व्हायचं. पुढे रस्ता पुष्कळ सुधारला, पण त्या धुळीने आमच्या घरात सुरू केलेला वाद काही मिटला नाही.

वाद असा. माझं सासर सिल्लोड तालुक्यातलं आणि घरची गाडी म्हणजे मारुतीची ओम्नी. पुढे नवरा आणि सासरे. मागे सासूबाई, मी, मुलं आणि गावाहून येताना लादलेलं ज्वारीचं पोतं. काचा सगळ्या लावलेल्या. तरी चौका येईपर्यंत मागच्यांच्या भुवया मातकट झालेल्या असायच्या आणि पुढचे दोघं मात्र घरून निघाले तसेच. नवऱ्याचं म्हणणं, धूळ डॅशबोर्डखालच्या फटींतून आत शिरते आणि मागे जाऊन बसते. सासूबाई नाकाचा पदर न काढता म्हणायच्या, "अरे बाबा, मागून यायलीय ती." गाडी चालवणाऱ्याला हे पटत नाही. गाडी पुढे पळतेय, धूळ मागे राहतेय, मग ती मागून आत येईलच कशी? बिनतोड वाटणारा मुद्दा. फक्त तो मांडणारा मागच्या सीटवर कधी बसलेला नसतो.

सासूबाईंचं अक्षर न् अक्षर खरं होतं. ओम्नी असो, स्कूल व्हॅन असो की पाठ सरळ कापलेली दुसरी कुठलीही गाडी, ती वेगात निघाली की तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. छतावरून आणि दोन्ही बाजूंनी आलेली हवा त्या जागेत वळून घुसते आणि चाकांनी उडवलेली धूळ बरोबर आणते. पुढची काच स्वच्छ आणि मागच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी माती, हे दृश्य त्यामुळेच. या गिरक्या घेणाऱ्या धुळीला आत यायला मागच्या दाराच्या रबरातली जराशी फटही पुरते. त्यात कोणी पुढची काच चार बोटं खाली केली की झालंच. खिडकीजवळून वेगाने जाणारी हवा आतली हवा बाहेर ओढते आणि तिची जागा भरायला मागची फट कामाला लागते. ज्या गाडीला ब्लोअर आहे तिच्या सगळ्या काचा लावून, बाहेरची हवा घेत पंखा चालू ठेवला तर उलटं होतं. आतला दाब किंचित वाढतो, फटींतून हवा बाहेर जाते आणि धूळ बाहेरच राहते. कच्च्या रस्त्याला हा उपाय करून पाहण्यासारखा आहे, ब्लोअर असेल तर. आमच्या ओम्नीत तो नाही.

धुळीचं एक बरं आहे, ती दिसते. तिच्याच वाटेने सायलेन्सरचा धूरही आत येऊ शकतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. मागच्या सीटवरचं माणूस डोकं जड झालं, मळमळतंय म्हणालं की आपण आवळासुपारी पुढे करतो, लिंबू हुंगायला देतो, 'हिला गाडी लागते' म्हणून मोकळे होतो. गाडी लागण्याच्या प्रत्येक तक्रारीमागे धूरच असतो असं मी म्हणत नाही. घाटात लागते ती घाटामुळेच लागते. पण सपाट रस्त्यावर, काचा लावलेल्या असताना, मागे बसणाऱ्यांचीच डोकी दुखत असतील तर आधी सायलेन्सर आणि मागच्या दाराचं रबर बघावं, आवळासुपारी नंतर.

म्हणून यंदा मृग लागायच्या आत ओम्नीच्या दारांची रबरं, म्हणजे बीडिंग, बदलायची असं ठरलं. ठरवलं मी. बावन्न दरवाजांच्या गावात राहून दरवाजावर लेख, अशी कोटी कोणाच्या ओठावर आली असेल तर ती तिथेच ठेवावी. भडकल दरवाजाला बीडिंग लागत नाही.

मोंढा नाक्यामागच्या एका गल्लीत आमचे जुने मिस्त्री आहेत. डेंटिंगचं काम, पण बीडिंग, काचेची रबरं, सरकत्या दाराचे रोलर हेही करतात. त्यांनी आधी दार उघडलं आणि कडेच्या रबराची पोकळ नळी चिमटीत दाबून सोडली. ती दबली ती दबलेलीच राहिली. "ताई, ये रबड नहीं, रबड की फोटू है." मग खिशातून दहाची नोट काढली, दारात धरली, दार लावलं आणि नोट ओढली. अलगद निघाली. रबर जिवंत असेल तर नोट अडकते, ओढताना हाताला ताण जाणवतो. दाराच्या चारी बाजूंनी असं करत गेलं की कुठली कड गेलीय ते कळतं. नोट फाटेल अशी भीती वाटणाऱ्यांनी वर्तमानपत्राची पट्टी घ्यावी. दुसरी एक रीत खडूची. रबरावर खडू घासायचा, दार लावून उघडायचं आणि समोरच्या पत्र्यावर खडूची रेघ कुठे उमटली नाही ते बघायचं. माझ्या मते ही जास्त चांगली, कारण फट कुठून कुठपर्यंत आहे हे ती एका नजरेत दाखवते.

रबर मरतं म्हणजे काय होतं, हे समजून घेतल्याशिवाय नवं घेण्यात अर्थ नाही. दाराच्या रबराचं काम पाणी अडवणं हे आपण समजतो. खरं काम दाबलं जाणं आणि दाब निघाला की पुन्हा फुगणं. वर्षानुवर्षं बंद दाराखाली दबून राहिलं की रबर तो चपटा आकारच आपला मानू लागतं. ऊन ही गोष्ट लवकर घडवून आणतं. संभाजीनगरच्या मे महिन्यात पारा ४२ च्या आसपास असतो, आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की रबर झिजवणाऱ्या रासायनिक क्रिया साधारण दुपटीने वेगात होतात, असा ढोबळ हिशेब आहे. आपल्याकडे पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या घरात, तोही मोजक्या दिवसांत. ऊन आणि धूळ मात्र बारमाही. कोकणातल्या गाडीचा पत्रा आधी जातो, मराठवाड्यातल्या गाडीचं रबर.

आणि ओझोन. हा वायू उंच आकाशात आपलं रक्षण करतो म्हणून शाळेत त्याचं कौतुक शिकवतात. जमिनीलगत, वाहनांच्या धुरावर ऊन पडून तयार होणारा ओझोन मात्र रबराचा वैरी. ताणलेल्या किंवा वाकवलेल्या नैसर्गिक रबरावर तो ताणाच्या आडव्या दिशेने भेगा पाडतो. हे इतकं खात्रीने घडतं की १९५० च्या सुमारास लॉस एंजलिसच्या धुरकट हवेचा अभ्यास करताना एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने रबराच्या वाकवलेल्या पट्ट्याच मोजमापाला वापरल्या. पट्टीला भेग पडायला किती वेळ लागतो, त्यावरून हवेत ओझोन किती ते ठरवायचं. आपल्या गाडीच्या दारालाही अशी पट्टी लावलेलीच आहे, फक्त ती कोणी वाचत नाही. कोपऱ्यातल्या वळणावर, जिथे रबर सर्वांत जास्त ताणलेलं असतं तिथे, बारीक आडव्या भेगा बघा.

यावर उतारा निघाला तो १९६० च्या दशकात, ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या रूपाने. नैसर्गिक रबराच्या साखळीत ज्या दुहेरी बंधांवर ओझोन हल्ला करतो, ते या रबराच्या मुख्य साखळीत नसतातच. त्यामागचं रसायनशास्त्र झीग्लर आणि नाट्टा यांचं, ज्यांना १९६३ चं नोबेल मिळालं. आता जगभरच्या मोटारींच्या दारांना बहुतेक हेच रबर असतं. ऊन, पाणी, ओझोन सगळं सोसतं. सोसत नाही ते तेल. आणि आपल्याकडे रबर कडक वाटलं की लोक काय करतात? इंजिन ऑइलचा बोळा फिरवतात, नाहीतर व्हॅसलीन चोपडतात. रबर दोन दिवस काळंभोर, मऊ दिसतं आणि मग फुगून सैल पडतं. लावायचंच तर सिलिकॉनचं ग्रीस लावावं, नाहीतर नुसती टाल्कम पावडर.

आता खरेदी. इथे मला हसावं की चिडावं कळेना. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि पाठोपाठ सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी तयार व्हायला लागल्या. वाळूजला गुडइयरचे टायर बनतात. ज्या चार्ल्स गुडइयरचं नाव त्या कंपनीला आहे, त्याने १८३९ मध्ये गंधक मिसळलेलं रबर तापल्या चुलीवर पडलेलं पाहिलं, त्यातून रबर टिकाऊ करण्याची रीत काढली, १८४४ मध्ये पेटंट मिळवलं आणि १८६० मध्ये तो कर्जात मेला. कंपनी निघाली १८९८ मध्ये, दुसऱ्याच माणसांनी, आणि नाव तेवढं त्याचं घेतलं. तर अशा या रबराच्या, लोखंडाच्या, गाड्यांच्या गावात आमच्या ओम्नीच्या सरकत्या दाराचं मूळ रबर मिळेना. कारण उघड आहे. इथले कारखाने उद्याच्या गाड्यांसाठी चालतात. ओम्नी म्हणजे १९८४ ची 'मारुती व्हॅन', १९८८ पासून ओम्नी, तेच ७९६ सीसीचं इंजिन घेऊन पस्तीस वर्षं चालली आणि २०१९ मध्ये बंद झाली. गाडी बंद झाली, रस्त्यावरच्या गाड्या कुठे बंद झाल्या? भाजीवाले, केटरिंगवाले, मंडपवाले, शाळेची मुलं नेणारे काका, सगळ्यांच्या एमएच-२० पाट्या अजून फिरतायत.

म्हणून मग मीटरवर मिळणारं बीडिंग. दुकानात त्याची भेंडोळी टांगलेली असतात आणि दिसायला सगळी सारखी. इथे मिस्त्रींबरोबर गेले ते बरं झालं. त्यांनी जुन्या रबराचा वीतभर तुकडा कापून आणला होता. दाराच्या रबराचे दोन भाग असतात. एक कडक, आत धातूची पट्टी असलेला, जो पत्र्याच्या उभ्या कडेला चावून बसतो, आणि दुसरा मऊ, पोकळ, जो दाबला जातो. कडक भागाची फट पत्र्याच्या जाडीशी जुळली पाहिजे आणि पोकळ भागाची जाडी जुन्याइतकीच हवी. जाड घेतलं म्हणजे चांगलं बसेल हा गैरसमज. जाड रबराने दार लागतच नाही, मग माणूस ते आपटतो आणि लॉकची वाट लागते. मिस्त्री एकेक नळी दाबून सोडत, मग वास घेत. प्लास्टिकचा उग्र वास आला की बाजूला. तो पीव्हीसीचा माल, उन्हात मऊ, थंडीत कडक, आणि वर्षभरात आखडून कोपऱ्यांतून सुटणारा. दुकानदार म्हणाला, "चाचा, लग्नाला पोरगी बघायलात का?" चाचा म्हणाले, "पोरगी बघायला इतका वेळ नाही लागत."

लांबी सुतळीने मोजायची, टेपने नाही, कारण टेप कोपऱ्यात वळत नाही. एका दाराला साधारण चार मीटर लागतं, वर थोडं जास्तीचं घ्यावं.

बसवण्याच्या कामात रबर बसवणं सगळ्यात शेवटी येतं. सरकत्या दाराला वर, मध्ये आणि खाली रोलर असतात. ते झिजले की दार खाली बसतं, आणि दारच वाकडं लागत असेल तर नवं रबर लावूनही फट तिथेच. तेव्हा आधी रोलर. मग जुनं रबर उपसून काढलं, तर खाली पत्र्याची कड गंजलेली. बहुतेकांच्या गाडीत ती गंजलेलीच निघेल, कारण मेलेल्या रबराच्या खोबणीत पाणी साठून राहतं. ती घासायची, रेड ऑक्साइड मारायचा, रंगाचा हात द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. घाईचे कारागीर गंजावरच रबर ठोकून देतात. दिसायला झकास, आणि दोन पावसाळ्यांनी कडच उरत नाही, चावायचं कशाला?

रबर लावताना ओढायचं नाही, हा या कामातला एकमेव मंत्र म्हणावा असा नियम. ओढून लावलं की चार मीटरमध्ये बोटभर वाचल्याचा आनंद होतो, आणि मग ते रबर हळूहळू मूळ लांबीवर येतं, कोपरे सोडतं, सांधा उघडतो. उलट कोपऱ्यांत थोडं सैलच, आत ढकलत न्यायचं. सांधा दाराच्या उंबऱ्यावर, खालच्या बाजूला, कधीही वर नाही, कारण पाणी वरून येतं. दोन्ही टोकं सरळ काटकोनात कापून, एकमेकांवर दाबून, थेंबभर डिंकाने चिकटवायची. मिस्त्री रबरी हातोडीने ठोकत गेले, हळू, दोन-दोन बोटांच्या अंतराने, आणि त्यांच्या पोऱ्याने घाईत जोराचा ठोका घातला तेव्हा नुसतं त्याच्याकडे बघितलं.

मग पाण्याची परीक्षा. कारखान्यातून निघणारी नवी मोटार फवाऱ्याखालून जाते, आमची ओम्नी गल्लीतल्या नळाखाली. एक जण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाइप घेऊन. पाणी आधी खाली मारायचं आणि हळूहळू वर जायचं. एकदम छतावर मारलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि फट नेमकी कुठे ते कळत नाही. आत टॉर्च घेऊन नवऱ्याला बसवलं. मागच्या सीटवर.

तिथे त्याने एक शोध लावला: पुढच्या दाराच्या खालच्या कडेतून पाणी येतंय! रबर फसलं, सिलिकॉन भरा, असं तो ओरडला. मिस्त्री हसले. दाराच्या तळाला भोकं असतात आणि त्यांतून पाणी यायलाच हवं. काच जिथे दारात उतरते तिथलं रबर सगळं पाणी कधीच अडवत नाही. थोडं दाराच्या पोटात जातं आणि त्या भोकांतून बाहेर पडतं. अशी रचनाच केलेली आहे. गळती समजून लोक ही भोकं बुजवतात, पाणी आत साठतं आणि दार आतून कुजतं. आमच्या भोकांत मात्र अजिंठ्याच्या रस्त्याची माती घट्ट बसली होती. ती तारेने काढली. तेवढ्याने पुढच्या सीटखालच्या कुबट वासाचा उलगडा झाला, ज्याचा आळ इतकी वर्षं ज्वारीच्या पोत्यावर होता.

ओम्नीवाल्यांनी एक रबर विसरू नये. इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि त्याच्या झाकणाभोवती एक पट्टी असते. दारांची रबरं निदान दिसतात, ही सीट उचलल्याशिवाय दिसतही नाही. ती गेली की बूड भाजतं एवढंच आपण म्हणतो, पण तीच इंजिनाची वाफ आणि वास आत सोडते. आमची पट्टी हात लावताच भुगा झाली. तीही बदलली.

नवं रबर पहिले काही दिवस दार नीट लागू देत नाही. जोर लावावा लागतो. लगेच लॉकची कडी ढिली करून घ्यायचा मोह आवरावा. रबर बसलं की दार आपोआप हलकं होतं, आणि कडी ढिली केलेली असली तर तेव्हा दार खडखडायला लागतं. आमच्या कॉलनीत सकाळी सहाला सरकतं दार धाडकन लागलं की खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येतात. त्यांना सांगितलंय, पाऊस पडेपर्यंत सोसा.

परवा सिल्लोडला जाऊन आलो. सासूबाईंनी पदर नाकाला लावला नाही. त्यांनी काही म्हटलंही नाही, जिंकलेल्या वादाबद्दल बोलायची त्यांना सवय नाही. नवरा मात्र पूर्ण वाटभर अस्वस्थ. वाऱ्याचा आवाज बंद झाल्यामुळे त्याला गिअरबॉक्सची गुणगुण, डाव्या चाकाची कुरकुर आणि मागच्या पाट्याची खडखड, सगळं पहिल्यांदाच ऐकू येत होतं. आल्या आल्या त्याने मिस्त्रींना फोन लावला. पलीकडून ते मोठ्याने म्हणाले, मलाही ऐकू आलं, "हौ साब, हवा बंद हुई ना, अब गाडी बोलेंगी. चाक का बेअरिंग लेके रखूँ क्या?"